ताप येईपर्यंत

"ताप आला, ब्लीडिंग वाढलं, तरच परत या म्हणाले हॉस्पिटलवाले," सिद्धेश डॅलसहून फोनवर सांगत होता. "तोवर नेत्राला घेऊन जवळच्या हॉटेलात थांबलोय."

न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या घरात प्रफुल्ल मेश्राम उभ्याउभ्याच जावयाचं बोलणं ऐकत होते. शेजारी त्यांची बायको उपासना बॅगेत कपडे कोंबत होती.

"पण पाचव्या महिन्यात पाणी गेलंय तिचं. बाळ वाचणार नाही असं डॉक्टरच बोलली ना?"

"हो बाबा. पण हार्टबीट आहे. इथे टेक्सासच्या कायद्यात ठोके चालू असताना काही करता येत नाही, नेत्राच्या जिवावर बेतल्याशिवाय. डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी होतं."

"मग इकडे घेऊन ये तिला."

"विमानात काही झालं तर?"

"आम्हीच येतो," म्हणून प्रफुल्लनी फोन ठेवला. बावीस वर्षं विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासणारा हा माणूस कुणाशी वाद घालत नसे. अपवाद फक्त बुद्धविहाराचा. विहाराचं सगळं बघणाऱ्या नरेंद्रभाऊंच्या बेसमेंटमध्ये दर रविवारी वंदना व्हायची. गाड्यांची गर्दी होते म्हणून शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि विहारासाठी घेतलेल्या घराला टाउनशिपने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, परवानगी नाकारली. नेमके तेव्हाच विधानसभेचे एक उमेदवार बेसमेंटमध्ये आले, मांडी घालून बसले. लहान प्रार्थनास्थळांना कुणी अडवणार नाही असा कायदा आणतो, म्हणाले. प्रफुल्लच्या वडिलांनी नागपुरात दीक्षा घेतली होती. धर्म निवडायचा हक्क ही त्यांच्या घरात नुसती भाषणाची गोष्ट नव्हती. ते या उमेदवारासाठी दारोदार फिरले. बेसमेंटमधल्या त्याच भेटीत तो गर्भाचे ठोके सुरू झाले की गर्भपाताला बंदी घालणाऱ्या कायद्याबद्दलही बोलला होता. सगळ्यांबरोबर प्रफुल्लनीही टाळ्या वाजवल्या होत्या.

आज मतदान होतं. नरेंद्रभाऊंचा फोन आला.

"जय भीम. मत टाकलं का, प्रफुल्ल? लई घासून चाललंय म्हणते."

"भाऊ, तो कायदा... टेक्साससारखा, तो इकडे आणणार का हा?"

"अरे, न्यू जर्सीत कुठं होतंय ते! आपलं विहाराचं पाहू ना आधी."

प्रफुल्लनी जय भीम म्हणून फोन ठेवला. नेत्राचं भाऊंना सांगायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण बोललं तर खरंच काही होईल अशी भीती वाटली.

"विमानतळावर जाताना मत टाकायला शाळेपाशी थांबू," ते उपासनाला म्हणाले. "तुला पण टाकायचंय ना?"

"मी शनिवारीच, लवकरच्या मतदानात देऊन आले."

"कोणाला?"

उपासनाने बॅगेची चेन ओढली. "मी बाई आहे हो," एवढंच ती म्हणाली.

शाळेच्या जिममध्ये रांग लहान होती. मतयंत्राच्या पडद्यावर त्या उमेदवाराचं नाव होतं. प्रफुल्लनी त्याच्या खालच्या, विरोधी उमेदवाराच्या नावावर बोट टेकवलं. बाहेर येऊन त्यांनी गाडी विमानतळाकडे वळवली.

विमान हवेत असतानाच नेत्राला ताप चढला. ते पोचले तेव्हा ती आयसीयूत होती, ओठ निळसर, दातावर दात आपटत होते. आता डॉक्टरांना परवानगी होती. बाळ गेलं होतं. पण रक्तात जंतू पसरले होते.

"बाबा, मी मरणार का?"

"नाही गं," ते म्हणाले आणि तिचं पांघरूण वर ओढलं.

नेत्रा वाचली. पुन्हा मूल होईल का, ते डॉक्टर सांगू शकले नाहीत.

उमेदवार थोडक्यात हरला. विहाराचं घर तसंच कुलूपबंद राहिलं.

मार्चमध्ये नेत्रा माहेरी आली आणि रविवारी स्वतःहून म्हणाली, "मीपण येते." बेसमेंटमध्ये जेमतेम पंधरा माणसं होती. वंदनेआधी उमेदवाराचा विषय निघाला. आपल्याच लोकांनी घात केला, असं कुणीतरी म्हणालं.

प्रफुल्ल उभे राहिले. "मी त्याला मत दिलं नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी माझी मुलगी हॉटेलात ताप येण्याची वाट बघत होती."

नरेंद्रभाऊंनी नेत्राकडे पाहिलं. गुडघेदुखीमुळे तेवढे एकटेच खुर्चीवर बसायचे. ते भिंतीला धरून उठले, खुर्ची तिच्याकडे सरकवली, आणि सावकाश, एक हात टेकत, सतरंजीवर बसले.