पाचव्या चेहऱ्यावरचं बोट

मी पट्टी बोलतेय. रेघा आखायची नव्हे हं, चेहऱ्यांची. जाड कागदावर ओळीने पाच गोल चेहरे आहेत माझ्या अंगावर. पहिला खुदकन हसणारा, पुढचे एकेक उतरत गेलेले आणि पाचवा डोळ्यांतून टपटप पाणी गाळणारा. पाच तोंडं असूनही ऐन वेळी माझ्याकडून एक शब्द निघाला नाही. ते मनाला लागून राहिलंय.

माझा जन्म छापखान्यातला. शाईचा वास जायच्या आत अंगावर गरम प्लास्टिक चढलं आणि मी एका संशोधन संस्थेत आले. तिथल्या एका बाईंकडे माझी जबाबदारी आली. शाळांमधून मुलांना विचारायचं, डोकं दुखतं का, झोप लागते का, पोट कसं असतं. आणि मुलांनी माझ्यावर बोट ठेवून सांगायचं. "मोठ्यांना काय वाटतं ते नको. मुलांना स्वतःला काय वाटतं ते हवंय," असं बाई सगळ्यांना जीव तोडून सांगत. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

प्रश्न मुलांना कळतात का हे बघायला बाईंनी मला आधी घरी नेलं. त्यांची लेक बिट्टी तेव्हा दुसरीत होती. गॅसवर दूध तापत होतं. बाईंनी मला टेबलावर ठेवलं.

"शाळेत असताना तुझं पोट कसं असतं गं? दाखव बरं."

बिट्टीने पाचव्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. नखाला स्केचपेनचा जांभळा रंग फासलेला.

बाई हसल्या. "अगं, नीट बघ. हा म्हणजे खूप खूप दुखतं. गडाबडा लोळावंसं वाटतं, इतकं. कळलं?"

"हो."

"मग?"

बोट हललं नाही.

"शाळेला दांडी मारायचा विचार दिसतोय बाईसाहेबांचा!"

बिट्टीने वर पाहिलं. माझ्याकडे नाही, आईच्या तोंडाकडे. तिचं बोट चौथ्यावर सरकलं. आई गप्प. तिसऱ्यावर आलं. दुसऱ्यावर आलं तशी आई म्हणाली, "शहाणी माझी ती!" आणि दूध उतू जाईल म्हणून उठली.

ते घामेजलेलं बोट माझ्यावरून घसरत गेलं. मी नुसती पडून राहिले.

मग शाळाशाळांतून विचारणं सुरू झालं. बाईंनी मदतनीस मुलींना बजावलं, "मुलं घाईघाईने टोकाचा चेहरा दाखवतात. समजावून सांगा, परत विचारा." त्या बिचाऱ्या तसंच करायच्या. कितीतरी बोटं माझ्यावरून अशीच सरकली. रडक्या चेहऱ्यापासून हसऱ्यापर्यंत माझं प्लास्टिक धुरकट झालंय, ते त्यामुळेच.

एका दुपारी बिट्टी तापाने फणफणली. बाई कामावरून तशाच धावल्या. दवाखान्यात त्यांच्या पिशवीत मीही होते. लघवीत जंतू निघाले, सलाईन लागलं. डॉक्टरीणबाई बिट्टीच्या उशाशी बसल्या.

"शाळेत पाणी पितेस का राणी?"

"नाही."

"का गं?"

"मग सू लागते. तिथल्या दाराची कडी तुटलीय. मुलं दार ढकलतात नि हसतात. म्हणून मी घरी येईपर्यंत जातच नाही. मग पोट दुखतं."

"आईला नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. पण ते चुकलं होतं."

बाईंच्या हातून पिशवी गळून पडली. मी जमिनीवर उपडी झाले, म्हणून त्यांचा चेहरा मला दिसला नाही. बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत गेल्या आणि सुतार येऊन नवी कडी बसवेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. तिथून संस्थेत. साहेबांना म्हणाल्या, "आतापर्यंतची उत्तरं बाद करा, सर."

"अहो, एवढं सगळं काम पाण्यात?"

"हो. ती मुलांची उत्तरं नाहीत. आम्हाला आवडतील अशी उत्तरं द्यायला आम्हीच त्यांना शिकवलंय. माझ्यापासून सुरुवात झाली."

साहेब संतापले, मग त्यांनी माझ्या धुरकट प्लास्टिकवरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाले, "पहिल्या शाळेपासून परत."

आज बिट्टी घरी आलीय. हातावर चिकटपट्टीचा लाल चट्टा आहे. बाईंनी मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आता पोट कसं आहे, बाळा?"

बिट्टीने मला पाहिलंसुद्धा नाही. बोट थेट पहिल्या चेहऱ्यावर टेकवलं.

"आता बरोबर ना, आई?"

बाईंनी मला उचलून टेबलावर पालथं ठेवलं. लेकीला कुशीत घेऊन त्या अजून तशाच बसल्यात. काही विचारत नाहीत.

मी ऐकतेय. तुमच्याही घरी कुणी असं बोट ठेवेल. ते जिथे ठेवलंय तिथेच राहू द्या हो. एकदा सरकायला लागलं, की मला ते थांबवता येत नाही.