मी, घासूनपुसून तरुण केलेला पिकअप

मी एक जुना पिकअप आहे, आणि तसा निकालही लागला आहे. मित्रांनो, हा निकाल तुम्ही ऐकलाच नाही असं समजा. मीही काही बोललो नाही.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली एक चपटी वस्तू बसवलेली असते, तो मी. पोटात लोहचुंबक, भोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर गिटार थरथरली की मी ती खबर थेट स्पीकरला देतो. थोडक्यात चहाडीच, पण हिला टाळ्या पडतात.

एका कारखान्यात एका बाईंनी मला हातानं गुंडाळलं. पुढे एका वादकानं मला आयुष्यभर वाजवलं. तो गेल्यावर गिटार कपाटात गेली आणि मी धूळ खात पडलो. धूळ चवीला बरी नसते, पण आमचं वय लोक तिच्यावरूनच ओळखतात. म्हणून मी नेटानं खात राहिलो.

मग वादकाच्या मुलीनं गिटार दुरुस्तीला न्यायचं ठरवलं, आणि तिच्या भाऊजींना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, प्रेमाचं भरतं आलं. निघण्याआधी त्यांनी मला टूथपेस्ट लावून फडक्यानं घासलं. गंज गेला, झाकणातून डोकावणाऱ्या चुंबकांच्या टोकांवरचे जुने बारीक ओरखडे गेले, पिवळं पडलेलं झाकण पांढरं झालं.

दुरुस्तीवाल्यांनी मला उलटंसुलटं पाहून सांगितलं, हा तर कालपरवाचा दिसतो. कुणीतरी मूळचा काढून हा नकली बसवला असावा. भाऊजी म्हणाले, मग टाका काढून, मी नवा आणलाच आहे. त्यांनी तो खिशातून काढलाही.

मुलगी जागची हलली नाही. खात्रीचा एकच मार्ग उरला होता: माझ्या वेटोळ्यावर गुंडाळलेली टेप सोडवून आतली तार बघायची. पण इतकी जुनी तार हात लागताच तुटू शकते, आणि तुटली की मी मुका.

“तुटली तर?” दुरुस्तीवाल्यांनी विचारलं.

“तर बाबांचा म्हणून मुकाच ठेवीन, काका. पण खोटा म्हणून नाही काढू देणार.”

मीही कंबर कसली. मला कंबर नाही, तरी कसली.

टेप सुटली. तार शाबूत होती, आणि वेटोळं एका अंगाला चांगलंच फुगलेलं, कारण त्या बाई गुंडाळताना शेजारणीशी गप्पा मारत असत.

“जुनाच आहे,” दुरुस्तीवाले म्हणाले. “आताच्या मशीनला इतकं वाकडं जमत नाही.”

“मला वाटलंच होतं,” भाऊजी म्हणाले, आणि नवा पिकअप खिशात परत गेला.

गिटार जोडली. पहिला सूर निघाला तेव्हा मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तरी संबंधितांस नम्र विनंती की, कोणतीही जुनी वस्तू घासण्यापूर्वी घरच्या जावयांनी सदर वस्तूची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी, व ती हाती येईपर्यंत फडके खाली ठेवावे.