ती थरथर माझी होती

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे. सध्या टायरवाल्याच्या दुकानामागे एका फुटक्या बादलीशेजारी पडून आहे. माझा टायर केव्हाच काढून नेला, उरली ती नुसती रिम. माझ्या आतल्या काठावर खडूचा पांढरा डाग दिसतोय ना? तो पुसू नका बरे. माझ्या बाजूने कोणी खरे बोलले असेल तर तो डागच.

वितळलेला धातू साच्यात ओतून मला घडवले. कारखान्यातल्या तपासनिसाने मला फिरवून पाहिले आणि पसंतीची मान डोलावली. केसाइतका फरक नव्हता माझ्या गोलाईत, उगाच फुशारकी मारत नाही. मग मी एका निळ्या गाडीला पुढे डावीकडे लागले. गाडी आत्याची. तिने एकतीस वर्षे शर्टांच्या कारखान्यात शिलाई केली होती आणि कॉलर बसवण्यात तिचा हात धरणारे तिथे कोणी नव्हते. निवृत्त झाल्यावर तिने हौसेने गाडी घेतली, पण तिला ती चालवता येत नसे. चालवायचा तिचा भाचा. आईविना पोर म्हणून तिनेच त्याला लहानाचे मोठे केले होते. ती मागे डावीकडे बसायची. मांडीवर पिशवी आणि पिशवीत सुई, दोरा, शिवणाचा चपटा खडू.

भाचा मला फार जपायचा. दर सुट्टीला धुवायचा, हवा तपासायचा, मित्रांना सांगायचा, "आपली गाडी कशी लोण्यासारखी चालते बघ!" मी भुलले हो. सहा वर्षे नाकासमोर धावले, एकदासुद्धा त्याला भर रस्त्यात उभे केले नाही.

एका दुपारी तो एकटाच निघाला होता. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात फोन. रस्त्यात खड्डा होता आणि याचे लक्ष फोनमध्ये. मी धाडकन आदळले! माझा आतला काठ वाकला. बाहेरून साधा ओरखडाही नव्हता. तो उतरला, वाकून बघितले, मग इकडेतिकडे पाहून म्हणाला, "चला, कोणी बघितलं नाही." मला वाटले होते, निदान हळहळेल तरी. वेडे कुठले मी!

दुसऱ्या दिवशी गाडीने वेग घेतला आणि स्टिअरिंग थरथरू लागले. भाचा गुपचूप याच दुकानात आला.

"ब्रेक दाबल्यावर वाढतं का?" टायरवाल्याने विचारले.

"नाही. सत्तरला सुरू होतं, नव्वदच्या पुढे कमी होतं."

"मग ब्रेकचं नाही, चाकाचंच दुखणं."

त्याने मला मशीनवर चढवले, काठाला वजनाचे छोटे तुकडे लावले. मशीनने तोलातला फरक शून्य दाखवला, तरी टायरवाल्याचे समाधान होईना. "वजन जुळलं, पण रिमच वाकलीय. वजन लावून ती गोल थोडीच होणार? बदलून टाका."

"बदलली तर आत्याला कळेल. मागे टाक ना. स्टिअरिंग तरी हलणार नाही."

"मागे बसणाऱ्याला जाणवेल."

"मागे आत्याच असते. तिला काय कळतंय!"

"तुमची मर्जी," टायरवाला म्हणाला आणि त्याने मला मागे डावीकडे बसवले. बरोबर तिच्या सीटखाली. मित्रांनो, केसाने गळा कापणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजले.

"सोन्या, सीट थरथरतेय का रे?" पहिल्याच फेरीत तिने विचारले.

"छे गं! मला तर काहीच नाही. तुलाच होत असेल."

तिने मांडीवरचा हात पाहिला, तोही थरथरत होता. तिची आई कंपवाताने गेली होती. आधी बोटे, मग चमचा, मग घास. भाच्याला हे सगळे ठाऊक होते. पुढे एकदा गाडीतूनच ती बहिणीला फोनवर म्हणाली, "शिवण बंद केलं गं मी. आईसारखंच झालंय मला." भाच्याने ते ऐकले आणि रेडिओचा आवाज वाढवला.

मी जीव तोडून ओरडत होते, 'अगं, हे तुझं नाही, माझं आहे!' पण चाकाचे ओरडणे म्हणजे थरथरणेच. मी जितके ओरडे, तितकी ती घाबरे.

दोन महिने असे गेले. मग भाचा तिला चक्क मोठ्या डॉक्टरकडे घेऊन निघाला. एका शब्दाने मिटले असते, पण हा मूग गिळून बसला. वाटेत आत्याने पाण्याची अर्धी बाटली शेजारच्या सीटवर ठेवली. गाडीने सत्तर गाठले आणि बाटलीतले पाणी शहारू लागले. आत्या बघतच राहिली.

"सोन्या, वेग कमी कर."

पन्नासला पाणी शांत झाले.

"आता वाढव." पाणी पुन्हा थरथरले.

"मला आजार झाला म्हणे," आत्या म्हणाली, "मग या पाण्याला कुठला आजार झालाय? टायरवाल्याकडे घे."

"अगं, डॉक्टरची वेळ..."

"डॉक्टर कुठे पळून जात नाहीत."

टायरवाल्याने भाच्याकडे एकदा पाहिले आणि मुकाट्याने मला मशीनवर चढवले. आत्याने पिशवीतून खडू काढला. "शिलाई मशीनचं चाक वाकलं की आम्ही असंच बघायचो. तू हळू फिरव."

"मावशी, मनगट टेकवा."

"नको. मला बघायचंय."

तिने खडू माझ्या काठापासून दोऱ्याएवढ्या अंतरावर धरला. मी फिरले. एकदा, दोनदा, तीनदा. दर फेरीला खडू एकाच जागी लागला, बाकी काठ कोरा. आत्या माझ्याकडे बघतच नव्हती. ती स्वतःच्या हाताकडे बघत होती.

"माझा हात नाही थरथरत," ती हळूच म्हणाली.

टायरवाल्याला राहवले नाही. "मावशी, मी यांना तेव्हाच सांगितलं होतं, बदला म्हणून."

ती भाच्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"आत्या, मला वाटलं, तू रागावशील."

"रागावले असते रे. एक दिवस."

तिने गाडीची किल्ली मागितली. भाच्याने दिली. ती घेताना मात्र तिच्या हातातली किल्ली खुळखुळली. गाडी उभी होती मित्रांनो, आणि मीही थांबलेलेच होते.

तेव्हापासून मी इथे पडून आहे. खड्ड्याबद्दल माझी तक्रार नाही, रस्ता म्हटला की खड्डे आलेच. पण तुमच्या हातून काही आपटले, वाकले, तर त्याच दिवशी सांगा रे. ओरडा बसेल, बसू दे. तुमची चूक दुसऱ्याच्या सीटखाली सरकवू नका. भंगारवाला आला की मला नेईल, वितळवून पुन्हा गोल करतील. किल्ली घेताना आत्याचा हात का थरथरला, तेवढे मला विचारू नका.