पलंगाखालचा वास

वास आधी सासूबाईंच्या नावावर लागला.

घरात वास सुटला की तो कुणाचा तरी असावा लागतो, आणि ज्याला उठून बाजूला होता येत नाही त्याच्या माथी तो मारणं सर्वांत सोपं. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, त्याला पाच आठवडे होत आले होते. बाहेरच्या खोलीत दवाखान्यातल्यासारखा चाकांचा पलंग आणून टाकला होता. दोघांनी धरल्याशिवाय त्यांना कुशीवरही वळता येत नव्हतं. गेल्या पंधरा दिवसांत त्या खोलीत एक वास मुरला होता. गोडसर, जास्त पिकून फुटलेल्या फळासारखा, आणि त्याच्या मागून नाकात चढणारी एक तिखट धार, नेलपॉलिश पुसायच्या द्रावणासारखी.

सकाळी येणाऱ्या सिस्टरने पाठ, टाचा, टाके, सगळं दोनदा तपासलं. "जखम कुठे चिघळलेली नाही. मग वास येतोय कशाचा?" असं म्हणून तिनेच मलम बदललं. चादरी रोज धुवायला जाऊ लागल्या. गादी उन्हात पडली. दिवसातून एकदा अंग पुसायचं ते दोनदा पुसायला लागले. मुलगा आईशी दारातूनच बोलू लागला. "आई, बरी आहेस ना?" एवढं विचारायचं आणि उत्तराच्या आधी वळायचं. एकदा तो स्वयंपाकघरात बायकोला म्हणाला, "आतून काहीतरी सडतंय गं तिचं." आवाज खाली ठेवून म्हणाला, पण भिंती कुणाच्या बाजूच्या नसतात, सासूबाईंना ते ऐकू गेलं.

त्या दिवसापासून सासूबाईंनी पाणी तोडलं. कमी प्यायलं की लघवीचं भांडं कमी वेळा लागेल, भांडं कमी वेळा लागलं की वास कमी येईल, असा त्यांचा हिशेब. ओठ सोलवटले. "आजी, घोटभर तरी घ्या, लघवी बघा कशी लालसर झालीय," सिस्टर ओरडली, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

सून खोलीत जाताना कंबरेला खोचलेला अत्तराचा रुमाल नाकाशी धरायची. सासूबाईंना दिसू नये म्हणून शिंक आल्याचं नाटक करायची. तिला त्या देहाची किळस यायला लागली होती, आणि तशी ती येते म्हणून स्वतःचीही.

सून आणि तिचा नवरा ड्रोन उडवायचे. कारखान्यांची छपरं, टेलिफोनचे मनोरे, सौरपट्ट्यांच्या रांगा यांचे वरून फोटो काढून द्यायचे, कुठे तडा आहे, कुठे गंज आहे ते दाखवायचे. उडवायचा नवरा, यंत्राची देखभाल तिची. चार्जिंग मात्र गेल्या दोन महिन्यांपासून सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, स्वतःकडे घेतलं होतं. "माणूस रिकामा बसला की गंजतो," म्हणाले, आणि त्यांना नाही म्हणायची घरात पद्धत नव्हती.

आप्पांनी तीस वर्षं आगीचा बंब चालवला होता. बंब परत आला की माणसाने आधी तोंड धुवायचं नाही, आधी टाकी भरायची, हा त्यांचा नियम. डिझेल काठोकाठ, पाणी काठोकाठ. दलात त्यांना सगळे 'फुलटाकी' म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. त्यामुळे काम झालं की ड्रोनच्या चारही बॅटऱ्या ते शंभर टक्के भरायचे आणि पत्र्याखालच्या माळ्यावर रांगेत लावायचे. मध्ये तीन आठवडे एकही काम आलं नाही. बॅटऱ्या भरलेल्याच, माळा तव्यासारखा. खाली काढल्या तेव्हा चारही फुगल्या होत्या.

"आप्पा, उडवायच्या नसतील तेव्हा निम्म्यावर ठेवायच्या," ती म्हणाली होती.

"म्हणजे हाक आली की बंब ढकलत न्यायचा?"

"हा बंब नाहीये."

"आग तीच असते."

तिने एक कागद लिहून कपाटावर चिकटवला. निम्मा चार्ज. थंड, कोरडी जागा. पत्र्याचा डबा, कापडापासून, कागदापासून लांब. माणूस झोपतो तिथे नाही. फुगलेली वापरायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही. फुगलेल्या चारही नवऱ्याकडे देऊन म्हणाली, "संकलन केंद्रात टाकून ये." तो हो म्हणाला आणि अंगणातल्या फळीवर ठेवून विसरला. ती विचारायचं विसरली. नव्या आल्या, काम सुरू झालं, विषय संपला.

संपला असं तिला वाटलं होतं.

त्या दिवशी दुपारी ती सासूबाईंना पेज भरवत होती. चमचा हातातून सुटला आणि घरंगळत पलंगाखाली गेला. ती रुमाल नाकाशी धरून वाकली, हात आत घातला, आणि तशीच थांबली. वास वर कमी होता. खाली जास्त होता. गुडघे टेकून तिने डोकं पलंगाखाली घातलं, तर रुमालातून आरपार असा भपकारा आला की डोळ्यांत पाणीच आलं. पुढ्यात आप्पांची जुनी पत्र्याची पेटी होती.

आणि मग तिला तो वास ओळखू आला. तो तिला पंधरा दिवसांपूर्वीच ओळखू यायला हवा होता. ड्रोनचं शिक्षण घेताना मास्तरांनी फाटलेली बॅटरी लांबून दाखवून सांगितलं होतं, हा गोड वास आला की पळा. पण कोणाचा वास ते एकदा ठरवून टाकल्यावर नाकाला कोण विचारतो?

तिने दोन बोटांनी झाकण उचललं. आत आप्पांचा दलातला जाड कोट घडी करून अंथरला होता. कोटावर त्याच चार बॅटऱ्या, त्यांच्यावर एक वीट. वहीएवढ्या सपाट असायच्या, त्यांची पोटं मेलेल्या माशासारखी वर आली होती. प्रत्येकीच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा, आणि पट्टीखालून काहीतरी पाझरून कोटावर चकचकीत डाग पडला होता. झाकण हळू टेकवून ती मागे सरकली.

"आप्पा!"

आप्पा वर्तमानपत्र घेऊनच आले. "काय झालं?"

"ही पेटी इथे कशी?"

"तूच लिहिलंयस ना, थंड जागी ठेवा. घरात सगळ्यात गार फरशी हीच."

"ह्या टाकून द्यायच्या होत्या!"

"फळीवर पडली होती ती चांगली वस्तू टाकायची? नुसती हवा धरली होती. सुईने सोडली, वर पट्टी मारली." त्यांच्या आवाजात कौतुक होतं, स्वतःचंच. "तीस वर्षं ब्रेकच्या नळीतली हवा काढलीये मी. हवा गेली की ब्रेक परत कडक. ह्या पुन्हा धरतात, मी पुन्हा सोडतो. चार वेळा झालं. विटेने आणखी बसतील."

"चार्ज केल्यात?"

"काल संध्याकाळी. चारही फुल्ल."

पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "काय गं, काय आहे खाली?"

पेटी ओढायची की माणूस हलवायचा? पेटीला धक्का बसला तर काय होईल हे तिला माहीत होतं, आणि वर झोपलेल्या बाईला पळता येणार नव्हतं. आधी माणूस.

"आप्पा, पलंग काढायचा. पेटीला चाक लागता कामा नये. चौकटीतून स्वयंपाकघरात. आत्ता."

"अगं, पण..."

"आई त्या पेटीवर झोपल्यात, आप्पा. तुमच्या फुल्ल टाकीवर."

मग मात्र म्हातारा हलला. वर्तमानपत्र कुठे पडलं ते कळलं नाही. त्यांनी चाकांचे चारही ब्रेक पायाने सोडले, डोक्याकडची दांडी धरली आणि एकदम तिशीतला माणूस झाले. "दाराची दुसरी फळी उघड. पायाकडून डावीकडे कापायचं. हळू. सरळ. थांब! आता उजवी." बोटभर अंतराने पलंग चौकटीतून गेला.

"अहो, मी काय ट्रक आहे?" सासूबाई ओरडल्या.

"ट्रक परवडला असता."

तिने खिडक्या उघडल्या, यंत्राच्या पेटाऱ्यातले जाड हातमोजे चढवले, पेटीच्या कडीत दोरी ओवली आणि गुळगुळीत फरशीवरून ती मागच्या अंगणात ओढत नेली. इंच इंच, श्वास रोखून. अंगणाच्या मध्यावर, भिंतीपासून लांब, तिने पेटी सोडली आणि काठीने झाकण उलटं पाडलं. आप्पांच्या सवयीने अंगणात वाळूच्या दोन लाल बादल्या कायम असायच्या. काठोकाठ, सांगायला नकोच. पहिली बादली तिने आत ओतली. दुसरीला हात घालणार तोच पेटीतून कुणीतरी दातांतून श्वास सोडावा तसा आवाज आला.

"लांब! वारा पाठीवर घे!" आप्पांनी तिला दंडाला धरून खेचलं.

वाळू आतून वर उचलली गेली. पांढरा दाट धूर, मग धुराच्या बुडातून जीभ बाहेर काढावी तशी ज्वाला. कमरेइतकी. एक झाली, मग शेजारची. कोट पेटला. तीस वर्षं आगीत जाऊन ज्याला भोक पडलं नव्हतं तो कोट स्वतःच्याच अंगणात पाच मिनिटांत काळा झाला. धूर इतका घाण होता की शेजारची कुत्री खोकत पळाली. आप्पांनी पाण्याची बादली उचलली नाही, वारा बघत उभे राहिले आणि बाहेर पडलेली वाळू फावड्याने परत आत ढकलत राहिले. ते काम त्यांना येत होतं. पण नजर पेटीकडे नव्हती. ज्वाला कुठवर आली होती ते हवेतच बघत होते, आणि सुनेला कळलं की ते पलंगाची उंची मोजत आहेत.

"त्यात हवा नसते, आप्पा," ती म्हणाली. समजावून सांगायची तिला इच्छा नव्हती, पण आता सांगितलं नाही तर उद्या नव्या चारही त्याच वाटेने जातील. "पूर्ण भरून उन्हात ठेवलं की आतलं द्रावण कुजतं, त्याचा वायू होतो. पिशवी बंद, जाणार कुठे? म्हणून फुगते. फुगलेली म्हणजे मेलेली. तुम्ही मेलेल्याला सुई टोचत होतात, आणि वरून पोटभर जेवायला घालत होतात."

आप्पांनी फावडं भिंतीला टेकवलं. तिला दया यायला हवी होती. आली नाही. तिला त्यांच्या हातांवरची ती चिकट चकाकी दिसत होती. त्याच हातांनी ते रोज संध्याकाळी बायकोच्या केसांना तेल लावायचे.

"साबणाने धुऊन या. दोनदा. कोपरापर्यंत."

स्वयंपाकघरात सासूबाई मागच्या दाराकडे मान करून पडल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. सून आत आली तेव्हा तिने कंबरेचा रुमाल काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्यांनी तेही पाहिलं.

"म्हणजे मी नव्हते," त्या म्हणाल्या.

"नाही, आई."

"आणि शिंका?"

सुनेने कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावलं. या घरात पंधरा दिवसांत सगळ्यात घाणेरडं काय होतं ते तिला माहीत होतं, आणि ते पेटीत नव्हतं.

"पाणी दे," सासूबाई म्हणाल्या.

आप्पा हात धुऊन आले होते, बाह्या ओल्या. त्यांनीच माठातून पेला भरायला घेतला, मग थबकले, सुनेकडे बघितलं, आणि निम्माच भरून पुढे केला.

"अर्धा? मी बॅटरी आहे का?" सासूबाई कडाडल्या. "भरा काठोकाठ!"

एक पेला संपला. दुसरा संपला. तिसरा चालू असताना मुलगा कामावरून आला. अंगणातला धूर, रिकामी बाहेरची खोली, काही न समजता तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि सवयीने चौकटीबाहेरच थांबला. "आई, बरी आहेस ना?"

सासूबाईंनी पेला खाली ठेवला.

"आत ये," त्या म्हणाल्या. "जवळ ये. नाक घेऊन ये. आणि मला भांडं लागलंय, ते आज तू देशील."