राणीच्या दालनातली खुर्ची

व्हर्सायच्या, आता संग्रहालय झालेल्या राजवाड्यात राणीच्या दालनावर मारीव्हॉनचा पहारा असे. आज तिची आई पहिल्यांदाच लेकीची नोकरी बघायला आली होती. अंगात डांबरगोळ्यांचा वास मारणारा कोट, गुडघे सुजलेले आणि आवाज मात्र खणखणीत. मारीव्हॉनला सकाळपासून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

गाइड पर्यटकांना सांगत होता, "राणीपुढे फक्त ड्यूकांच्या बायकांना स्टुलावर बसायचा मान. बाकीच्या कितीही म्हाताऱ्या असोत, उभ्याच!"

"काय बाई माज एकेकीचा!" असं म्हणत आई दारालगतच्या पहारेकऱ्याच्या खुर्चीत टेकली.

तेवढ्यात मारीव्हॉनचे साहेब, तेरियो, आत आले.

"बाई, उठा. ही खुर्ची तुमच्यासाठी नाही," मारीव्हॉन परक्या आवाजात म्हणाली.

आई गडबडीने उठू लागली, पण गुडघे साथ देईनात.

"अहो, बसू द्या की त्यांना! कसली माणसं तुम्ही?" तेरियो करवादले. मग आईपुढे वाकून त्यांनी मायेने विचारलं, "आजी, बरोबर कोण आहे तुमच्या?"

आईने एकदाच लेकीकडे पाहिलं.

"कोणी नाही हो, साहेब. एकटीच आलेय."