दुसरे कोंब

मित्रांनो, मी एक जुना 'को' आहे. जमीन उकरायची लांब लाकडी काठी, खाली पाय रोवायला टेकू असलेली. मला वापरणारी शेतकरीण अरापेरा, तिच्या आजोबांनी मला घडवले. दूर दक्षिण गोलार्धातल्या आमच्या खाडीवर गारठा फार आणि रताळे मूळचे उबदार बेटांवरचे. ते मातीत कधी लावायचे, यावरच पीक ठरते. पुढे गावात लोखंडी फावडी आली, माझ्या सोबतीचे को चुलीत गेले. अरापेराने मात्र मला सोडले नाही.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. तिला निरोप द्यायला सभाघरात तीन दिवस माणसे येत राहिली. त्यांच्या जेवणासाठी कोठारातली रताळी उकडली गेली आणि त्या घाईत बियाण्याची टोपलीही. तळाशी सात रताळी उरली. पाराटेने नावाचा तिचा भाऊ म्हणाला, ताईला चालले असते. पाहुणे उपाशी तर गेले नाहीत.

अरापेराची मुलगी हुहाना शहरातून आली होती. तिने ती सात वाळूच्या वाफ्यात ठेवली. कोंब आले. ऑक्टोबरात, आमच्याकडे हिवाळा सरताना, चार दिवस ऊन पडले.

"मामा, आज लावते. रविवारी माझी रजा संपते."

"रताळ्याला सांगितलंस का रजेचं?"

तरी त्याने अडवले नाही. तिने माझ्या टेकूवर पाय दिला आणि सगळे कोंब लावले. तिसऱ्या पहाटे दव गोठले. कोंब काळे पडले.

मामा येऊन तिच्याशेजारी बसला. "वाफ्यातली रताळी परत फुटतील. पण आता एकदाच."

"कधी लावायचं ते आईनं सांगितलंच नाही."

"तू विचारलं नाहीस, पोरी. सकाळी शेतात अनवाणी उभी राहायची ती. मातीच्या गारठ्यानं पाय उचलावासा वाटला, की घरी."

हुहानाने रजा वाढवली. रोज सकाळी ती शेतात उभी राही आणि पाय चोळत परते. डोंगरात कोकिळा बोलू लागली, शेजाऱ्यांची लागवड झाली. ती थांबली. एका सकाळी मात्र ती उभीच राहिली, बराच वेळ. मग दुसरे कोंब एकेक करून लावले, मुळे उगवतीकडे.

एप्रिलात, पुढच्या हिवाळ्याआधी, एक टोपली भरली. त्यातले एकही तिने शिजवले नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी करा असे मी म्हणणार नाही. लाकूड दुसरे मिळते. पण तुमच्या घरात कुणी सकाळी शेतात अनवाणी उभे राहत असेल, तर आजच जाऊन विचारा, काय बघताय म्हणून.