मॅडमच्या टेबलाखालची डावी चप्पल

मी डावी चप्पल बोलतेय. उजवीही इथेच आहे, पण ती फार मानी. तिचं म्हणणं, चपलेनं तोंड उघडलं की ते शिवावं लागतं. 'पायातली वहाण पायातच बरी' असं माणसं आम्हाला येता-जाता ऐकवतात. बरं बाबा, पायातच होतो आम्ही. पण कुणाच्या पायात, ते तरी ऐका!

माझा जन्म एका बोळातल्या दुकानात झाला. आमचा कारागीर तोंडात खिळे धरून गाणी म्हणायचा, त्यामुळे त्यातलं एकही मला धड कळलं नाही. एक दिवस एक गृहस्थ बायकोसाठी चपला घ्यायला आले. माप विचारलं, तर दोन्ही हात हवेत धरून "एवढं" म्हणाले. घरी गेल्यावर व्हायचं तेच झालं.

"अहो, एकाच चपलेत माझे दोन्ही पाय मावतील!"

"असू दे गं. सैल बऱ्या."

"पन्नाशी उलटल्यावर पाय वाढणार आहेत का माझे?"

झालं! घरात अडगळ नको म्हणून आमची रवानगी बाईंच्या कचेरीत, थेट टेबलाखाली झाली.

बाई एका बड्या बँकेच्या विधी विभागाच्या प्रमुख होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. बँकेत कुणाला काहीही नवं करायचं असलं की 'कायद्याने हरकत नाही' अशी मॅडमची सही लागायची. मला टेबलाखालून दिसायचे फक्त पाय, पण पाय काय कमी बोलतात? जाहिरातवाल्यांचे बूट नाचत यायचे आणि फरफटत जायचे. वसुलीवाले दारातच अडखळायचे. सगळ्या बँकेत आमच्या खात्याचं नाव पडलं होतं 'नन्नाचा पाढा'.

मॅडमचा उजवा हात म्हणजे त्यांचा उपप्रमुख. त्याचं प्रत्येक वाक्य 'परंतु'नं सुरू व्हायचं, म्हणून त्याचं नावच परंतु पडलेलं. हुशार गडी, पण बँकेचे मोठे साहेब दिसले की ह्याच्या टाचा आपोआप जुळायच्या.

आता आतली गोष्ट सांगते. खोलीत असल्या की मॅडम टाचेचे बूट काढून आमच्यात पाय घालायच्या. आणि आमच्यात पाय असले की मनातलं बोलायच्या. "हे चालणार नाही. यात लोक फसतील." एक घाव दोन तुकडे! पण वरच्या मजल्यावर साहेबांकडे जायचं म्हटलं की बूट चढायचे, आणि बुटांबरोबर भाषाही बदलायची. "याचा सर्व बाजूंनी विचार करता येईल," असलं काहीतरी गुळमुळीत. माझा तर जीव जळायचा. उजवी म्हणायची, नोकरी आहे, करावं लागतं.

मग तो जामिनाचा प्रस्ताव आला. समजा, तुमच्या मेहुण्यानं कर्ज काढलं आणि तुम्ही जामीन राहिलात. ते कर्ज फिटलं, तुम्ही सुटलात. पण आता मेहुणा पुन्हा कर्ज काढील तेव्हाही जामीन तुम्हीच! विचारणार कुणी नाही, फक्त बँकेच्या वेबसाइटवर कोपऱ्यात एक सूचना टाकायची.

"परंतु मॅडम, तसं कायद्यात बसवता येईल," परंतु म्हणाला.

"बसतं आणि बसवलं यात फरक असतो रे," मॅडम म्हणाल्या.

बैठकीच्या आदल्या दिवशी मोठे साहेब स्वतः खाली आले. त्यांच्या बुटांत स्वतःचं तोंड पाहता यावं इतके ते चकचकीत. "तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर आहे बरं का," ते गोड आवाजात म्हणाले. "उद्याचं तेवढं निभावून न्या."

ते गेल्यावर मॅडमचे पाय गार पडले. खरंच सांगते, मला जाणवलं. रिकाम्या मजल्यावर दोन माणसांनिशी सुरू केलेलं खातं ते, त्यांचा जीव होता त्यात. त्यांनी घरी फोन लावला. "अहो, घरी बसवतील मला."

"मग बस की. मी बसलोच आहे. जागा आहे सोफ्यावर," पलीकडून उत्तर आलं. मॅडम हसल्या, पण पाय काही गरम झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उत्तर ठरवलं होतं: 'काही अटींसह हरकत नाही.' सकाळपासून त्या ते पुटपुटत होत्या, आणि मी खाली दातओठ खात होते. इतक्यात फोन आला. बैठक अलीकडे ओढलीय, आत्ताच्या आत्ता वर या! मॅडम उठल्या, कागद उचलले आणि धावल्या, मागोमाग परंतु. बूट राहिले टेबलाखाली!

वरच्या मजल्यावर गुळगुळीत फरशी, त्यात आम्ही सैल. फटक, फटक, फटक! दालनात शिरलो आणि सगळ्यांच्या नजरा खाली. मॅडमनीही खाली पाहिलं. उजवीला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"काय मॅडम, घरच्यासारखं वाटतंय ना?" साहेब हसले. सगळे हसले. "बरं, जामिनाचं काय? हरकत नाही ना?"

मॅडमनी अंगठ्यानं मला घट्ट धरलं. "हरकत आहे," त्या म्हणाल्या. "माणूस एका कर्जाला जामीन राहतो, मेहुण्याच्या अख्ख्या आयुष्याला नाही. त्याला न विचारता हे करायचं असेल, तर माझी सही मिळणार नाही."

हसणं थांबलं. परंतुनं तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच 'परंतु' न म्हणता मिटलं. प्रस्ताव बारगळला. सहीशिवाय पुढे जायची कुणाची छाती होती?

मुदतवाढही बारगळली, हे वेगळं सांगायला नको. शेवटच्या दिवशी परंतु दारात घुटमळत होता. खुर्ची आता त्याची होती. मॅडमनी बूट पिशवीत कोंबले आणि आमच्यात पाय घातले.

"मॅडम, या चपला इथेच राहू द्या ना," तो म्हणाला. "मला... आधार होईल."

"या माझ्या मापाच्या आहेत," मॅडम म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा! "तुझ्या तू आण." आणि आम्ही मुख्य जिन्यावरून, सगळ्यांच्या देखत, फटक फटक वाजत खाली उतरलो. मला तेव्हा रडू आलं, आणि आनंदही झाला. उजवीचंही तेच, पण ती कबूल करायची नाही.

आता आम्ही घराच्या दाराशी असतो. माझा अंगठा दोनदा शिवून झालाय, टाच झिजलीय. गृहस्थ नव्या चपला आणतो म्हणतात आणि मॅडम त्यांना माप घ्यायला बंदी करतात, पुन्हा सैलच हव्यात म्हणे. आमच्या जागी नव्या येतील तेव्हा येवोत. माझं एवढंच मागणं आहे, आम्हाला पावसात अंगणात टाकू नका.

परवाच फोन वाजला. परंतु होता. साहेबांनी जामिनाचा प्रस्ताव पुन्हा काढलाय म्हणे, आणि बैठक आत्ता आहे.

"मग?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम," तो म्हणाला, "वर चाललोय. चपला घालून."